इस्त्रीसाठी घेतलेला इन्व्हर्टर

शिवून झालं की शिवण दाबून बसवावी लागते. इस्त्री न फिरवता पुढची शिवण घेतली तर पिशवीचा कोपरा गोळा होतो, अस्तर फुगतं, आणि टाका कितीही नेटका असला तरी काम कच्चं दिसतं. मी वर्षातले बरेच महिने व्हॅनमध्ये राहते आणि तिथेच कॅनव्हासच्या पिशव्या आणि हत्यारं ठेवायच्या गुंडाळ्या शिवते. माझं शिलाई मशीन ८५ वॉटचं आहे. इस्त्री होती १००० वॉटची. व्हॅनमधलं वायरिंग अर्धं उकलून पुन्हा घालावं लागलं ते या इस्त्रीमुळे.

त्याआधी व्हॅनमध्ये सगळं १२ व्होल्टवर चालायचं. बाकाखाली १०० अँपिअर-तासांची एक लेड-ॲसिड बॅटरी, छतावर २०० वॉटचं पॅनेल, दिवे, पंखा आणि १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज. जिथे गाडी लावते तिथे प्लग जोडायची सोय बहुतेक वेळा नसते, आणि मला तशीच जागा आवडते. या व्यवस्थेवर दोन वर्षं छान गेली.

मशीन आलं तेव्हा मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा ३०० वॉटचा छोटा इन्व्हर्टर आणला. तो मॉडिफाइड साइन वेव्हचा होता. म्हणजे त्यातून निघणारी वीज लाटेसारखी गोल चढत-उतरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारते. मोबाइलच्या चार्जरला त्याचं काही वाटत नाही. मशीनला वाटलं. मोटर घुमायला लागली, दहा मिनिटांत हाताला गरम लागू लागली, आणि पेडलवरचा ताबाच गेला. हळू टाका घ्यायला पाय अलगद ठेवावा तर मशीन गप्प, जरा दाबला की सुसाट. पेडलमधलं इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक लाटेचा थोडा थोडा भाग कापून मोटरचा वेग कमी-जास्त करतं. त्याला कापायला लाटेचा उतार लागतो, आणि पायरीला उतार नसतो. जाड कॅनव्हासच्या चार थरांवरून सुई सावकाश न्यायची असते, तिथे हे चालण्यासारखं नव्हतंच. शिवाय त्या सॉकेटमागे १० अँपिअरचा फ्यूज. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. डब्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तेवढं येणारच नव्हतं.

मग बाबांना फोन केला. बाबा कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचा टाँग टेस्टर अजून त्यांच्या कपाटात पुढेच असतो.

"मला सांगा बाबा, किती वॉटचा इन्व्हर्टर घेऊ?"

"ते नंतर. आधी कागद घे. काय काय चालवणार ते लिही, आणि प्रत्येकापुढे १२ व्होल्टला अँपिअर किती होतात ते मांड."

मी बसले लिहायला. फ्रिज, दिवे, पंखा १२ व्होल्टवर चालतात, त्यांना इन्व्हर्टरची गरजच नाही. लॅपटॉप मी तोवर इन्व्हर्टरवर चार्ज करायचं ठरवलं होतं. बाबांनी खोडलं. बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून २३० करायचे आणि लॅपटॉपच्या चार्जरने ते पुन्हा २० वर उतरवायचे, दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन जाणार. त्यापेक्षा १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सीचा चांगला चार्जर लावून टाक, म्हणाले. लावला, आणि लॅपटॉप यादीतून गेला. शेवटी कागदावर दोनच नावं उरली, मशीन आणि इस्त्री.

मशीन नगण्य. इस्त्री मात्र १००० वॉट. इन्व्हर्टर स्वतः दहाएक टक्के खातो, म्हणजे बॅटरीकडून सुमारे ११०० वॉट निघायला हवेत. भागिले १२, म्हणजे ९३ अँपिअर. हा आकडा मी दोनदा करून पाहिला. घरात हीच इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. व्होल्टेज एकोणीस पटींनी कमी, म्हणून करंट तितक्याच पटींनी जास्त, आणि वर इन्व्हर्टरचा वाटा. पुढचा सगळा खटाटोप या एका आकड्यातून निघाला.

एका मैत्रिणीकडून १५०० वॉटचा इन्व्हर्टर दोन दिवसांसाठी मागून आणला आणि जुन्या बॅटरीला जोडून पाहिला. बॅटरी पूर्ण भरलेली होती, १२.६ व्होल्ट. इस्त्री लावली. एका मिनिटात इन्व्हर्टर किंचाळायला लागला. मीटरवर ११ च्या खाली आकडा. इस्त्री काढली की पाचेक मिनिटांत बॅटरी पुन्हा बारावर. मला वाटलं, बॅटरी गेली. बाबा म्हणाले, "ती बरी आहे, तू तिच्याकडून तिच्या ताकदीबाहेरचं काम मागतेयस." लेड-ॲसिड बॅटरीवरचे १०० अँपिअर-तास साधारणपणे २० तासांत सावकाश काढले तर मिळतात, म्हणजे ५ अँपिअरच्या दराने. तिच्यातून एकदम ९० काढायला गेलं तर एकूण मिळणारी वीजही बरीच कमी होते आणि व्होल्टेजही बसतं. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात मांडलं. मला ते माझ्या बाकाखाली कळलं.

इथे मी एक निर्णय घेतला, आणि आजही तो मला या सगळ्यातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो. मोठा इन्व्हर्टर घ्यायच्या आधी मी इस्त्री बदलली. ७५० वॉटची, बिनवाफेची, हलकी. कॅनव्हासच्या कडा दाबायला ती पुरते. जाड जागी ओलं फडकं ठेवून थोडा जास्त वेळ धरावी लागते, एवढंच. करंट ९३ वरून ७० अँपिअरच्या आत आला, आणि पुढे घेतलेल्या १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर ६५ वर. इन्व्हर्टर लहान, केबल आटोक्यातली, बॅटरीवरचा ताण कमी. लोक २००० किंवा ३००० वॉटचा डबा घेतात आणि मग त्याच्या मागे बॅटरी वाढवत राहतात. उपकरणाकडे आधी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

इन्व्हर्टर घेतला १२०० व्हीएचा, प्युअर साइन वेव्ह. १२०० पाहून फसू नका. पुस्तिकेत आत लिहिलेलं होतं, २५ अंश सेल्सिअसला सतत १००० वॉट, ४० अंशांना ८५०. बंद कपाटात, उन्हात उभ्या गाडीत ४० अंश सहज होतात. म्हणजे माझ्यासाठी हा ८५० वॉटचा इन्व्हर्टर, आणि इस्त्री अधिक मशीन मिळून ८३५. काठावर आहे हे मला माहीत होतं. पण इस्त्री हातात असताना माझा पाय पेडलवर नसतो.

बॅटरी बदलली. २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, म्हणजे २५६० वॉट-तास. तिच्या आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारं सर्किट, सलग १५० अँपिअर सोडते. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून थंडीत सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मी बॅटरीचं तापमान बघते. आणि इंजिन चालू असताना चार्जिंग करणाऱ्या अल्टरनेटरमधून तिला सरळ जोडायचं नाही. ती मागेल तेवढा करंट ओढते, आणि इंजिन नुसतं घुरघुरत असताना अल्टरनेटरला थंड व्हायला पुरेसा वारा नसतो. मध्ये करंटला ३० अँपिअरची मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लावला.

आता केबल. मी इन्व्हर्टर मागे, पलंगाखाली ठेवणार होते, कारण शिवायचं टेबल तिथे आहे. बॅटरीपासून चार मीटर. बाबांनी विचारलं, "चार मीटर जायचे, की जाऊन-येऊन?" जाऊन-येऊन आठ. दहा स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये ६५ अँपिअरला आठ मीटरवर जवळपास ०.९ व्होल्ट पडतात. म्हणजे साठेक वॉट केबल तापवण्यात जाणार, आणि इन्व्हर्टरला बॅटरी आहे त्याहून रिकामी दिसणार. पस्तीसची घेतली तरी पाव व्होल्ट. उपाय सोपा होता, माझ्याच डोक्यात आला नव्हता. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी ठेवायचा आणि लांबचा प्रवास २३० व्होल्टला करू द्यायचा. तिकडे ७५० वॉटला सव्वातीन अँपिअर, त्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते. १२ व्होल्टची बाजू एक मीटरची राहिली, ३५ स्क्वेअर एमएम, आणि त्यात पडतं ०.०७ व्होल्टसुद्धा नाही. निगेटिव्हही तितक्याच जाड केबलने थेट बॅटरीकडे, मध्ये फक्त शंट, म्हणजे करंट मोजायची पट्टी. गाडीच्या पत्र्यातून परत आणायचं नाही.

फ्यूजबद्दल मी हट्टी झाले आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत तो असायला हवा, कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा उघड्यावर असतो. त्या तुकड्याला पत्र्याने घासलं तर थांबवणारं काही नाही. आणि लिथियमला हाती येईल तो फ्यूज चालत नाही. या बॅटरीचा आतला रोध काही मिलिओहम असतो, शॉर्ट झाला तर क्षणात हजारो अँपिअर वाहू शकतात. कमी क्षमतेच्या फ्यूजची तार वितळते, पण दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान धरून राहते आणि करंट चालूच राहतो. मी क्लास टी फ्यूज लावला, १५० अँपिअरचा. तो २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो. साध्या फ्यूजच्या कितीतरी पट महाग होता. एवढ्या एका वस्तूवर पैसे वाचवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण त्या बॅटरीपासून दोन हातांच्या अंतरावर झोपतो.

जोडायच्या दिवशी इन्व्हर्टरच्या टर्मिनलला केबल टेकवली आणि फटकन मोठी ठिणगी उडाली. स्टडवर काळा डाग पडला, माझे हात थरथरत होते. इन्व्हर्टर बंद होता, तरी. फोनवर बाबा शांत होते. इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात, रिकामे असले की ते क्षणात भरून घेतात, तीच ठिणगी. "गाडीचा ब्रेकचा दिवा आहे ना जादा? त्यातून जोड." २१ वॉटचा तो बल्ब केबल आणि टर्मिनलच्या मध्ये धरला. तो एकदम उजळला आणि हळूहळू मंद होत विझला. कपॅसिटर भरले. मग केबल टेकवली, काही झालं नाही. तो बल्ब आता दोन वायरी जोडून फ्यूजशेजारीच टांगलेला आहे.

सगळं चालू झालं. इस्त्री तापली, पहिली कड दाबली, मला फार आनंद झाला. वीस मिनिटांनी बाकाखालून वास यायला लागला, तापलेल्या प्लास्टिकचा. मेन स्विच बंद केला आणि झाकण काढलं. बॅटरीच्या निगेटिव्हला हात लावला तर चटका बसला.

केबलच्या टोकाचं तांब्याचं थिंबल मी हायड्रॉलिक क्रिम्परने नीट दाबलं होतं, ओढून पाहिलं होतं, वर हीट श्रिंकही चढवलं होतं. बाबांनी मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवायला सांगितला. इस्त्री लावायची, आणि एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरं थिंबलवर. दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत, तिथे जवळपास शून्य यायला हवं. आले ३०० मिलिव्होल्ट. ०.३ गुणिले ६५, म्हणजे सुमारे वीस वॉट. सोल्डरिंगच्या छोट्या आयर्नइतकी उष्णता त्या एका बोल्टवर तयार होत होती.

"वॉशर कुठे टाकलायस?"

मी वॉशर थिंबलच्या खाली टाकला होता. टर्मिनल, त्यावर स्टीलचा वॉशर, त्यावर थिंबल, वर नट. सगळा करंट स्टीलच्या त्या चकतीतून चालला होता. थिंबल थेट टर्मिनलवर बसायला हवं, तांबं टर्मिनलला टेकलेलं. साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट, हे सगळं वर. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासले, क्रम बदलला, टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिल्याइतका नट आवळला. परत मोजलं, ६ मिलिव्होल्ट. मग प्रत्येक जोडावर तीच मोजणी केली: फ्यूजची दोन टोकं, मेन स्विच, शंट, इन्व्हर्टरचे स्टड. आकडे मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत. एखादा जोड सैल व्हायला लागला तर वास यायच्या आधी आकडा सांगेल.

२३० व्होल्टच्या बाजूचं काम मात्र मी हातात घेतलं नाही. ते करायला बाबा स्वतः आले, आणि त्यांच्याकडून जे शिकले ते लिहिते. इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या दोन्ही वायरी बऱ्याचदा तरंगत्या असतात, गाडीच्या बॉडीशी त्यांचा संबंध नसतो. शॉकपासून वाचवायला वीज तोडणारी आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलून बघते; काही करंट माणसातून बॉडीकडे गळला तर तफावत दिसते आणि ती ट्रिप होते. पण बॉडीवरून न्यूट्रलकडे परत यायला वाटच नसेल तर तफावत दिसणार कशी? म्हणून न्यूट्रल आणि बॉडीची अर्थ एका ठिकाणी, आरसीसीबीच्या आधी, जोडावी लागते. हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच. काही स्वस्त इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, तिथे हा जोड दिला तर इन्व्हर्टर जळतो.

मी म्हटलं, आरसीसीबीवर टेस्टचं बटण आहे, ते दाबून बघू. बाबांनी मान हलवली. ते बटण आतल्या आत एका रोधातून मुद्दाम तफावत तयार करतं. अर्थ जोडलेली असो वा नसो, ती ट्रिप होणारच. मला दाखवण्यासाठी त्यांनी जोड काढला, बटण दाबलं, खटकन ट्रिप. मग सॉकेटमध्ये टेस्टर लावून फेजवरून अर्थला ३० मिलिअँपिअर सोडायचा प्रयत्न केला. काहीच नाही, आरसीसीबी तशीच. जोड पुन्हा दिला आणि परत टेस्टर लावला. लगेच ट्रिप. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. पत्र्याच्या गाडीत, ओल्या पायांनी, तापलेली इस्त्री हातात घेऊन मी उभी राहणार होते, आणि त्या बटणावर विसंबून राहिले असते.

बाहेरून वीज घ्यायची वेळ आली तर तिचा प्लग फक्त बॅटरीच्या चार्जरला जातो. इन्व्हर्टरची दोन सॉकेट वेगळी. दोन उगम एका वायरवर कधी भेटू शकत नाहीत.

एक गोष्ट मी दोनदा बदलली. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा वॉट खातो. दिवसभरात २४० वॉट-तास, जवळजवळ १९ अँपिअर-तास, काहीही न करता. म्हणून आधी इको मोड लावला. त्यात तो झोपतो आणि दर काही सेकंदांनी लोड आहे का ते तपासतो. पण मी पेडलवरून पाय काढला की उरतो फक्त मशीनचा दोन वॉटचा दिवा, तो त्याला लोड वाटत नाही, आणि मी सुईत दोरा ओवत असताना दिवा लुकलुकायला लागतो. इको मोड काढून टाकला. टेबलाच्या कडेला रिमोटचा स्विच बसवला, बसताना चालू, उठताना बंद. लो-व्होल्टेजची मर्यादाही, म्हणजे जिथे इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो तो आकडा, बदलली. कारखान्यातून आलेली लेड-ॲसिडसाठी होती, मी १२ व्होल्टवर नेली.

आणि लव. कापड कापलं, शिवलं की बारीक लव उडते, कॅनव्हासची तर फारच. पूर्ण लोडला इन्व्हर्टर ८० वॉटच्या आसपास उष्णता टाकतो, त्याचा पंखा ती लव आत ओढतो. कपाटाला खाली-वर जाळीची दोन तोंडं ठेवली आहेत, आत चारही बाजूंनी हातभर नाही पण दहा सेंटिमीटर जागा मोकळी आहे, आणि खालच्या जाळीवर पातळ फोम. दर आठवड्याला तो काढून झटकते. पहिल्यांदा काढला तेव्हा त्यावर निळ्या कॅनव्हासचा गादीसारखा थर होता.

शंटवरून कळतं की शिवण्याचा माझा एक पूर्ण दिवस, म्हणजे चारेक तास इन्व्हर्टर चालू, मशीन थांबत-थांबत, आणि इस्त्री मिळून चाळीस मिनिटं, साधारण ३४ अँपिअर-तास घेतो. इस्त्री थर्मोस्टॅटवर बंद-चालू होत असते म्हणून आकडा इतका कमी. ऊन चांगलं असेल तर छतावरचं पॅनेल फ्रिज सांभाळून त्यातलं बरंचसं भरून काढतं. ढग असतील तर तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये डीसी-डीसी चार्जर जवळपास तेवढं परत घालतो. सलग तीन ढगाळ दिवस एकाच जागी असले तर तिसऱ्या दिवशी मी कापते आणि टाचते, इस्त्री काढत नाही.

सहा महिने झाले. परवा सगळे जोड पुन्हा मोजले. बॅटरीचा निगेटिव्ह ६, फ्यूजची टोकं ४ आणि ५, शंट ५. इन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह स्टड मात्र ९ वरून १४ वर गेला होता. कच्च्या रस्त्यावरचे हादरे. नट पाव आटा फिरला, आकडा पुन्हा ९. तारखेसह झाकणावर लिहिला आणि बाबांना फोटो पाठवला.